कांडताना की दळताना?

एम. ए.च्या वर्गात लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना एकदा आम्ही फळ्यावर 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण लिहिली आणि तिचा अर्थ विचारला. पुढच्या बाकावरच्या एका हुशार मुलाने आत्मविश्वासाने सांगितले, की जे श्रीमंतीत, म्हणजे सुपात डुंबत आहेत, ते गरिबांच्या दुःखाला हसतात. 'सूप' म्हणजे हॉटेलात जेवणाआधी येते ते, असे त्याने गृहीत धरले होते. वर्ग हसला. पण मग आम्ही हसणाऱ्यांनाच विचारले, की सुपातल्यांनी का हसू नये? त्यावर शांतता पसरली. सुपात पाखडून ठेवलेले धान्य मुठीमुठीने उचलून जात्याच्या तोंडात टाकले जाते, म्हणजे सुपातल्याची पाळी आता यायचीच आहे, हे त्या म्हणीतले काळाचे भान सुपाजवळ बसून दळणारी बाई पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या मुलाने लावलेला अर्थ तसा सुसंगत होता. फक्त त्यातून मृत्यू निघून गेला होता आणि त्याच्या जागी वर्गविग्रह आला होता.

हा प्रसंग गमतीचा म्हणून शिक्षकखोलीत आम्ही पुष्कळदा सांगितला. पुढे मात्र तो सांगताना आमचीच जीभ अडखळू लागली, कारण आम्हांला तरी जाते कितपत ठाऊक आहे, हा प्रश्न टाळता येईना. आम्ही आता चाळिशी ओलांडलेले. आमच्यापैकी कोणी खानदेशातले, कोणी कोकणातले, एकजण मराठवाड्यातले. सगळ्यांचा हिशेब जवळपास सारखाच निघाला. आमच्या आज्या रोजचे पीठ जात्यावर दळत असत. आयांच्या हातून ते काम सुटले होते. त्या सणावाराला मेतकूट दळत, डाळ भरडत, लग्नाची हळद दळत. आम्ही सुटीत गावी गेल्यावर खेळ म्हणून खुंटा धरून चार फेरे मारले आणि पीठ नाकात गेल्यावर पळालो. आमच्या विद्यार्थ्यांनी जाते पाहिले ते उपाहारगृहाच्या अंगणात, 'चुलीवरचे जेवण' अशा पाटीखाली, वर कुंडी ठेवलेले. दळणे, भरडणे, फिरवणे, पाहणे अशा चार पायऱ्यांत एक वस्तू हातातून निसटून डोळ्यांत गेली. आमच्या हयातीतच हे घडले आणि घडताना आम्हांला काही जाणवले नाही.

जाते ही काही सामान्य वयाची वस्तू नव्हे. एकावर एक बसवलेल्या दोन गोल तळ्यांचे, वरची फिरवायची आणि खालची स्थिर, असे हे यंत्र दख्खनमध्ये सुमारे दोन हजार वर्षे वापरात आहे. ह. धी. सांकलिया यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी या फिरत्या जात्यांचा स्वतंत्रपणे विचार केला. त्यापूर्वी धान्य रगडले जाई ते पाट्यावरवंट्याच्या जातीच्या दगडांवर, पुढेमागे हात ओढून. पुढेमागे जाणारा हात गोल फिरू लागला, हा बदल केवढा मोठा असेल याची कल्पना करून पाहावी. सातवाहन गेले, यादव गेले, पेशवाई बुडाली, पण पहाटेची ती घरघर बदलली नाही. ती बदलली विसाव्या शतकात, आणि एकदा बदलू लागल्यावर दोन पिढ्यांत संपली.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला या इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मराठीच्या अगदी पहिल्या पानांवरच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात (११२९) महाराष्ट्रातल्या स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख येतो. ज्ञानेश्वरी (१२९०) अजून दीडशे वर्षे दूर आहे. ओवीचे मूळ स्त्रीगीतांत शोधताना आपण सारे या उल्लेखाकडे बोट दाखवतो. आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो, की बाराव्या शतकात मराठी स्त्रिया दळताना ओव्या गात, असे सोमेश्वराने लिहून ठेवले आहे. एके वर्षी एका विद्यार्थिनीने मूळ संस्कृत शब्द विचारला म्हणून ग्रंथ उघडला. तिथे शब्द आहे 'कंडन'. कंडन म्हणजे कांडण. दळण नव्हे!

दळणे आणि कांडणे यांतला फरक आमच्या आजीला आम्ही विचारला असता तर तिने आमच्या शिक्षणाची कीव केली असती. कांडायचे ते उखळात, मुसळाने, बहुधा उभे राहून. भाताचा कोंडा काढायला, मिरच्या-हळकुंडे कुटायला. मुसळ वर जाते, खाली येते, आणि दोघी समोरासमोर असतील तर आळीपाळीने पडते. दळायचे ते बसून, एक पाय लांब करून, खुंटा धरून, आणि ही गती वर्तुळाकार. उखळाचा ताल ठोक्यांचा आहे, ठोक्याठोक्यांत मोकळी जागा आहे. जात्याची घरघर सलग आहे. गाण्याच्या लयीचा उगम कष्टाच्या लयीत शोधायचा असेल तर या दोन लयी एकच मानून चालणार नाही. ओवीचा संबंध 'जात्याच्या फेऱ्याशी' जोडणारी जी मांडणी आपण परीक्षेच्या उत्तरांत वाचतो, तिला सोमेश्वराचा आधार जसाच्या तसा मिळत नाही. मिळतो तो मुसळाच्या ठोक्याला. यावरून जात्यावर तेव्हा ओवी गात नसत असे मुळीच ठरत नाही. एकाच गीतप्रकाराने दोन्ही कामे सांभाळली असतील. पण प्रश्न तरी पडायला हवा होता. तो आम्हांला पडला नाही, याचे कारण आम्हांला संस्कृत येत नव्हते हे नाही. कांडण आणि दळण ही आमच्या लेखी 'जुन्या काळातली बायकांची कामे' या एकाच गाठोड्यात गेली होती. अवजार विसरले की त्याच्याशी बांधलेली क्रियापदे एकमेकांत मिसळतात, आणि मग संहिता समोर असूनही दिसत नाही.

क्रियापदांचे आणखी एक उदाहरण. जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य घालण्याला 'वैरणे' म्हणत, आणि एका वेळी घातलेल्या मुठीला वैरण. आज वैरण म्हटले की गुरांचा चारा, एवढेच कळते. उकळत्या पाण्यात पीठ वैरतात, हा प्रयोग काही घरांच्या स्वयंपाकात अजून ऐकू येतो. पण तो वापरणाऱ्या मुलीला, त्या शब्दात मुठीतून हळूहळू सोडण्याची जी हालचाल आहे ती जात्याशी बसूनही केली जाई, हे ठाऊक नसते. 'खुंटा हलवून बळकट करणे' या वाक्प्रचारातला खुंटा गोठ्यातला की जात्याचा, यावर आमच्या विभागात एकदा तासभर वाद झाला. गोठ्याची बाजू सरस ठरली. पण वादात भाग घेणाऱ्या सहा जणांपैकी एकानेही सैल झालेला जात्याचा खुंटा पाचर मारून कधी बसवला नव्हता. वरच्या तळीच्या तोंडात एक आडवी लाकडी पट्टी असते, तिच्या आधाराने तळी मधल्या खिळ्यावर तोलली जाते आणि पीठ जाड पडावे की बारीक हेही तिथेच ठरते. त्या पट्टीला आमच्यापैकी एकीच्या आजीकडे शब्द होता. तो आमच्याकडे उरला नाही.

आम्ही शेवटी महाविद्यालयाच्या दालनात शोभेसाठी ठेवलेले जाते वर्गात आणवले. (ते दरवर्षी पारंपरिक वेशभूषा दिनाला हळदकुंकू लावून बाहेर काढले जाते, एरवी त्यावर छत्र्या ठेवतात.) ज्वारी आणली, सूप आणले, खाली कापड अंथरले. पहिल्या मुलीने मोठी मूठ भरून घातली, तेव्हा जाते जागीच रुतले. दुसरीने मोजके दाणे घातले, तर दगडावर दगड घासू लागला. तिसऱ्या प्रयत्नाला पीठ पडले, पण ती भरड होती, कारण दगडाला कैक वर्षांत टाकी लागली नव्हती आणि तळ्या गुळगुळीत झाल्या होत्या. दहा मिनिटांत दोघी घामाघूम झाल्या. मग आम्ही म्हटले, आता ओवी म्हणा. पुस्तकातली ओवी समोर धरली होती. त्यांना ती म्हणता येईना. श्वासच पुरेना.

त्या तासाला आमच्या लक्षात काही गोष्टी आल्या, ज्या छंदःशास्त्राच्या पुस्तकांतून आल्या नव्हत्या. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते, प्रत्येक ओळ मध्ये किंचित तुटते, आणि त्या तुटण्याच्या जागी गाणारी श्वास घेऊ शकते. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांत यमक साधणारी. ती वाचणाऱ्याच्या किंवा सांगणाऱ्याच्या श्वासाची आहे, दळणारीच्या नव्हे. ओळीच्या शेवटी येणारा लांबवलेला 'बाई' किंवा 'गं' आम्ही आजवर 'पादपूरक' म्हणून शिकवला होता. वैरण घालताना एक हात खुंट्यावरून निघतो, फेरा मंदावतो, तेवढा वेळ भरून काढायला असा स्वर सोयीचा पडत असावा. हा आमचा तर्क आहे. तो कोणी खोडून काढला तर आनंदच आहे, पण खोडणाऱ्याने आधी पायलीभर ज्वारी दळावी.

इथवर लिहून झाल्यावर आमच्यापैकीच एकीने आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. जाते गेले याचे दुःख नेमके कोणाला होते आहे? मोठ्या खटल्याच्या घरात पहाटे उठून दोन-तीन तास दळल्याशिवाय चूल पेटत नसे. आजारपण असो, सहावा महिना असो, दळण चुकत नसे. खेड्यात इंजिनाची गिरणी आली तेव्हा ज्यांनी डोक्यावर डबा घेऊन मैलभर चालणे आनंदाने पत्करले त्या याच बाया होत्या. पुढे १९६० नंतर वीज गावोगाव पोचत गेली तशी गिरणीही पोचली.

युरोपातली कथा याच्या उलट आहे. मार्क ब्लोक या फ्रेंच इतिहासकाराने १९३५ मध्ये पाणचक्कीच्या प्रसारावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे, की तिथे सरंजामदारांनी आपल्या चक्कीचे उत्पन्न वाढावे म्हणून रयतेची घरातली जाती जप्त केली. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने जप्त केलेल्या जात्यांचे दगड मठात फरशीसारखे बसवले होते. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लोकांनी ती फरशी उखडून दगडांचे तुकडे आपसांत वाटून घेतले. तिथे जाते हे स्वातंत्र्याचे चिन्ह झाले, कारण चक्की बळाने लादलेली होती. आपल्याकडे चक्की बाईच्या मानेवरचे जू उतरवीत आली, म्हणून जात्यासाठी कोणी बंड केले नाही. पाणचक्कीची विद्या आपल्याला ठाऊक नव्हती असेही नाही. औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) अठराव्या शतकापासून ती उभी आहे. पण घरातल्या बाईचे श्रम फुकट असतील तर चक्की बांधण्याची घाई कोणाला असणार?

एक विरोध झाला, तो वेगळ्या दिशेने. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे केंद्र होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. हातसडीचा तांदूळ आणि हातदळीचे पीठ हे त्याच्या कार्यक्रमातले ठळक विषय. त्यामागचा पोषणाचा आणि खेड्यातल्या रोजगाराचा विचार गंभीर होता, आजही तो टाकाऊ वाटत नाही. आश्रमांतून पुरुषही दळायला बसले, ही तर त्या काळात मोठीच गोष्ट. तरीही त्या आवाहनामुळे खेड्यातल्या बाईने गिरणीची वाट सोडली नाही. पुरुष दळतो तेव्हा ते व्रत असते, किंवा तुरुंगातली शिक्षा. 'चक्की पिसणे' हा वाक्प्रचार शिक्षेसाठीच रूढ झाला. बाई दळते तेव्हा तिला कोणी नाव देत नाही.

तरी दोन नुकसाने खरी झाली, आणि त्यांची नोंद ओव्यांच्या संग्रहांपेक्षा कमी झाली आहे. मराठी चरित्र-आत्मचरित्रांत 'आईने लोकांचे दळणकांडण करून शिकवले' हे वाक्य इतक्यांदा येते की आपण ते वाचताना थांबत नाही. नवऱ्यामागे पदरी मूल असलेल्या बाईला चार घरची जाती ओढून पोट भरता येई. लाचारीचे असले तरी ते उत्पन्न होते. गिरणीबरोबर ते गेले. त्या बायांनी पुढे काय केले, हे वाङ्मयेतिहासात कोणी विचारलेले आम्हांला तरी आढळले नाही. दुसरे नुकसान टकाऱ्यांचे. दगडाची धार गेली की टाकीने त्यावर पुन्हा टाचे घालावे लागत. गल्लीतून हाक देत जाणारा, ओट्यावर बसून टकटक करणारा तो माणूस. जातीचे नावच त्या टाकीवरून पडलेले. या जमातीवर इंग्रजी अमलात गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावर ती 'विमुक्त' म्हणवली गेली. हातचे काम मात्र त्याच सुमारास आटत चालले होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत जात्यावरच्या ओव्या आहेत. जात्याला टाकी लावणारा नाही.

ओव्या गोळा करण्याचे काम मराठीत मोठे झाले आहे. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन', दुर्गा भागवतांचे लोकसाहित्यावरचे लेखन, सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्य समितीचे खंड ही नावे अभ्यासकांना सांगायला नकोत. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, पुस्तकरूपाने आली. त्यांतला 'घरोट' म्हणजे खानदेशातले जातेच. अगदी वेगळ्या पद्धतीचे काम गी पॉइटवँ (मृत्यू २००४) आणि हेमा राईरकर (मृत्यू २०१०) यांचे. १९८० च्या दशकात पुण्याजवळच्या मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम करता करता त्यांना ओव्यांचा हा साठा गवसला. पुढे एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायांच्या नावांसह, पुष्कळदा आवाजासह प्रसिद्ध होत गेल्या. त्यांत सीता आहे, विठ्ठल आहे, भाऊ आणि माहेर आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही ओव्या आहेत. 'परंपरा' म्हणजे थिजलेले काही, असे समजणाऱ्याने त्या जरूर ऐकाव्यात. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते आणखी एक: नावे. जुन्या संग्रहांत बहुतेक ओव्या निनावी आहेत, जणू त्या जात्यातून पिठाबरोबरच पडल्या.

पण हा साठा जमला तो कोणत्या घडीला, तेही पाहावे. जाते चालू होते तोवर ओवी टिपून ठेवण्याची गरज कोणालाच फारशी वाटली नव्हती. ध्वनिमुद्रणाचे यंत्र गावात आले तोवर गिरणीही आली होती किंवा येत होती. म्हणून पुष्कळ ओव्या आपण ऐकतो त्या दळताना म्हटलेल्या नाहीत, दळण आठवून म्हटलेल्या आहेत. अभ्यासकाने हा फरक लक्षात ठेवायला हवा. दम न लागता गायलेल्या ओवीची चाल आणि लांबी थोडी निराळी होण्याचा संभव आहे.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या पणजीचे ध्वनिमुद्रण केले. म्हातारी नव्वदीच्या पुढची. खुर्चीवर बसवून विचारले तेव्हा तिला दोनच ओव्या आठवल्या, त्याही अर्ध्या. 'बसून कुठं येत्यात गं' असे ती म्हणते, ते मुद्रणात ऐकू येते. जाते घरात उरले नव्हते. मग तिने स्वतःच खाली बसून, पाय लांब करून, पुढ्यात पालथे घातलेले पातेले एका हाताने फिरवायला सुरुवात केली. त्यानंतरची अकरा मिनिटे ओव्यांची आहेत. पातेले फरशीवर घासल्याचा आवाज इतका मोठा आहे की काही शब्द त्यात बुडाले आहेत. मुलीने तो आवाज काढून टाकता येईल का, असे विचारले होते; संगणकावर तशी सोय आहे म्हणे. आम्ही नको म्हटले. लिप्यंतर करताना शेवटच्या ओवीतले दोन शब्द काही केल्या लागले नाहीत. एक जात्याच्या कुठल्याशा भागाचे नाव असावे. पणजीला पुन्हा विचारले, तर ती म्हणाली, 'मी कुठं काय म्हटलं?' त्या दोन शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवून प्रकल्प तसाच सादर झाला.